सुरतले चालनी

आमच्या गावात कुणी बॅग भरली की "कुठे?" असं विचारायची पद्धत नाही. सुरतलाच. चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं आमचं गाव. घरटी एक माणूस उधन्याला नाहीतर लिंबायतला, लूमवर नाहीतर साडीच्या दुकानात. अमळनेरला गाडीत बसायचं, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला उतरायचं. माझा आतेभाऊ तिथे पंधरा वर्षांपासून आहे.

त्यामुळे मला थायलंडात सुरत थानी नावाच्या शहरात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा आप्पांनी आजीला एवढंच सांगितलं, "पोर सुरतले चालनी."

आजी म्हणाली, "जाऊ दे. तठे आपला भलता लोके शेतस."

आप्पा खोटं काहीच बोलले नव्हते, आणि तीच पुढे अडचण झाली.

मलाही ते नाव आधी योगायोगच वाटलं होतं. मुलाखत झाली त्या रात्री फोनवर नकाशा उघडला, शाळा शोधली, तर शहरातून एक निळी रेघ चाललेली आणि तिच्यावर लिहिलेलं: तापी. मी फोन बंद करून परत चालू केला. मग वाचत बसले. १९१५ साली तिथले राजे वजिरावुध, म्हणजे सहावे राम, यांनी बांदोन नावाच्या त्या गावाचं नाव बदलून सुरत थानी केलं, ते आपल्या शेजारच्या सुरतेवरून. आणि सुरत म्हटली की तापी हवीच, म्हणून नदीचंही नाव बदललं, त्याच वर्षी २९ जुलैला. आपली तापी मुलताईपासून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहते. ती जेमतेम २३०, उत्तरेला वाहून थायलंडच्या आखाताला मिळते. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तिकडेबी हतनूरचे दरवाजे उघडले की पूर?" मी म्हटलं, नाही हो आप्पा, नदी वेगळी आहे. "मग नाव कशाला घेतलं?"

आता, गेले का, ते सांगते. एम.ए. इंग्रजी, बी.एड., नेट दोनदा थोडक्यात हुकलेली, आणि चार वर्षं तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्याला माहीत नाही त्यानं सुखात राहावं. तास घेतला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग असलं की नाही. घेतलेल्या तासांचे पैसेही बिल मंजूर झाल्यावर, म्हणजे कधी पाच महिन्यांनी, कधी मार्चअखेर. मध्ये एका संस्थेत कायमची जागा निघाली. मुलाखतीत शेक्सपिअर नाही, व्याकरण नाही, पहिला प्रश्न "संस्थेला काय मदत करणार?" परत येताना गाडीवर आप्पांनी केळीचे दोन बिघे विकायचा हिशेब मांडला. मी मागे बसून ऐकत होते. घरी आल्यावर सांगितलं, जमीन विकून मला इंग्रजी शिकवायचं नाही. बी.एड.ची एक मैत्रीण आधीच थायलंडात होती. तिनंच एका एजंटाचा नंबर दिला.

फेब्रुवारी ते एप्रिल २०२४ हे तीन महिने कागदांत गेले. हा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थायलंडच्या वकिलातीचा. आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांना अपॉस्टिल नावाचा एकच शिक्का पुरतो. थायलंड तेव्हा त्या करारात नव्हतं, त्यामुळे त्या एका शिक्क्यावर माझं भागलं नाही. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून. आणि मी 'नेटिव्ह' नसल्यामुळे टोइक नावाची परीक्षा. ९९० पैकी किमान ६०० गुण हवेत, असं शाळेचं पत्र. एम.ए. इंग्रजी असूनही इंग्रजी येतं याचा वेगळा दाखला! राग आला, पण मुंबईची एक फेरी करून दिली परीक्षा. ८९० मिळाले. चौकटीत एवढे गुण बघून राग निम्मा झाला, हेही कबूल करते.

सगळ्यात घोळ घातला तो नावानं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या. पदवीवर आप्पांच्या नावात एक 'ए' जास्त. तो एक 'ए' काढायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद आणि जळगावच्या चार चकरा. इतकं करूनही तिकडच्या शाळेनं ओळखपत्र छापलं ते आप्पांच्या नावानं. पहिला महिनाभर मुलं मला 'टीचर' आणि पुढे वडिलांचं नाव अशी हाक मारत होती. ओळखपत्राचा फोटो घरी पाठवला, तर आप्पांनी तो गावभर दाखवला.

व्हिसा 'नॉन-बी' नावाचा, सुरुवातीला ९० दिवसांचा. तिथे गेल्यावर वर्क परमिट झालं की तो वर्षाचा होतो. शिकवायचा परवाना देणारी संस्था आहे तिचं नाव खुरुसपा. मला ते आधी कुणा कंपनीचं नाव वाटलं. नंतर एका थाई शिक्षिकेनं फोड करून सांगितली: खुरु म्हणजे गुरू, सपा म्हणजे सभा. गुरुसभा! शिक्षणशास्त्राची त्यांना मान्य अशी पदवी लगेच सिद्ध होत नसेल तर दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळते. माझी तीच झाली, अर्ज शाळेनंच केला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघाले. मुंबईहून बँकॉक, तिथून रात्रीची रेल्वे. डब्यात एक माणूस येतो, समोरासमोरच्या दोन खुर्च्या ओढून त्यांचा बिछाना करतो, धुतलेली चादर घालतो, पडदा लावतो आणि जातो. मला त्या पडद्याआड झोपच आली नाही. आमच्याकडे रेल्वेत अनोळखी माणसानं आपल्या पायाशी टेकल्याशिवाय रात्र जात नाही.

सुरत थानीचं स्टेशन शहरात नाहीच, दहा-बारा किलोमीटर अलीकडे फुनफिन नावाच्या गावात आहे. शाळेची गाडी आली होती. खोलीवर सामान टाकलं आणि संध्याकाळी पहिलं काम केलं ते नदी बघायला गेले.

मे महिन्यातली आमची तापी मला पाठ आहे: मधे वाळू, कडेला भेगाळलेली काळी माती, एका अंगानं पाण्याची चिंचोळी धार आणि त्यात म्हशी. इथली काठोकाठ भरलेली, चहाच्या रंगाची. समुद्राची भरती आत शिरते, त्यामुळे पाणी चढतं, उतरतं. धक्क्याला सामुई बेटाला जाणारी रात्रीची बोट लागली होती. खाऱ्या पाण्याचा वास. मी बराच वेळ उभी होते. काही आठवण वगैरे आली नाही, नुसतं विचित्र वाटलं. आपल्या आडनावाची पण ओळख नसलेली बाई लग्नात भेटावी, तसं.

घरमालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तुझं गाव भारतातल्या सुरतेच्या जवळ का? मला थाईत 'जवळ'साठी 'ग्लाय' हा शब्द मैत्रिणीनं शिकवला होता. मी मोठ्या उत्साहात म्हटलं, ग्लाय, ग्लाय. बाईंना वाईट वाटलं. नंतर कळलं की 'ग्लाय' सूर खाली टाकून म्हटला तर जवळ, आणि सपाट म्हटला तर दूर. जवळ आणि दूर यांना एकच शब्द ठेवणारी भाषा शिकायची तर आधी गाणं शिकायला हवं होतं. मी आजही रिक्षावाल्याशी हातानं बोलते.

खोलीला स्वयंपाकघर नव्हतं. तिथे भाड्याच्या खोल्यांना ते नसतंच बहुधा. लोक बाहेर खातात. आमचं घर माळकरी. शाकाहाराला शब्द आहे 'मांगसविरात', आणि तो ऐकल्यावर मी फोन ठेवून हसले होते: मांस-विरती! वारकऱ्यांच्या तोंडीसुद्धा इतका शुद्ध शब्द नाही. पण शब्द शुद्ध असून उपयोग नाही, कारण गाडीवालीच्या मते माशाचं पाणी म्हणजे मासा नव्हे. नाम प्ला, म्हणजे माशापासून केलेला खारट रस, ती मीठ घालावं तसा घालते. "माय साय नाम प्ला", हे वाक्य मी व्हिसा क्रमांकाच्याही आधी पाठ केलं. पिवळ्या कपड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं असतात, तिथे निर्धास्त जावं.

तिखटाचंही सांगते. मी खान्देशची, शेवभाजीचा लाल तवंग बघून घाम फुटणारे पुणेकर मी बघितलेत. त्यामुळे "तिखट चालेल का?" या प्रश्नावर मी नाक वर करून हो म्हटलं. दक्षिण थायलंडचं जेवण त्या देशातलं सर्वांत जहाल समजतात, हे मला माहीत नव्हतं. हळदीच्या त्या पिवळ्या रश्श्याच्या तिसऱ्या घासाला माझ्या कानात शिट्टी वाजली. समोरची गाडीवाली माझ्यासाठी काकडी कापत होती. खान्देशची इभ्रत त्या दिवशी बुडाली.

भरीत मात्र सापडलं. लांब हिरवी वांगी निखाऱ्यावर भाजून, सोलून, त्यावर कांदा, मिरची, लिंबू. पहिल्यांदा त्या भाजक्या वांग्याचा वास आला तेव्हा मी गर्दीत थांबले. आमच्याकडे बामणोदची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकतात, तोच वास. घेतलं, आणि खोलीवर येऊन बघितलं तर वर सुक्या झिंग्यांचा चुरा. तो एकेक वेचून काढायला अर्धा तास गेला. पुढच्या रविवारी घरमालकीणबाईंच्या शेगडीवर मी स्वतः वांगी भाजली, लसूण-मिरची ठेचून घातली. कळण्याचं पीठ मी जळगावहून दोन किलो नेलं होतं, त्याची भाकरी थापली. बाईंनी भाकरीचा तुकडा तोंडात धरून बराच वेळ विचार केला आणि विचारलं, हे औषध आहे का?

शाळा १६ मेच्या सुमारास सुरू झाली. मला मथयोमचे वर्ग मिळाले. प्राथमिकला ते 'प्रथोम' म्हणतात आणि माध्यमिकला 'मथयोम', प्रथम, मध्यम. वर्गात ४४ मुलं. "परदेशात वर्ग लहान असतात," असं एजंट म्हणाला होता. तो आणखीही बरंच म्हणाला होता. खोली फुकट म्हणाला होता, ती पहिल्याच महिन्यापुरती निघाली. असो. ४४ मुलांची मला सवय होती.

मी आत शिरले की एक मुलगी ओरडते, "स्टँड अप प्लीज!" सगळे उठतात. "गुड मॉ...र्निंग टी...चर!" मी विचारते, हाऊ आर यू? "आय अॅम फाइन थँक्यू अँड यू?" सगळं एका सुरात, ४४ तोंडांतून. एकाला ताप होता, डोळे लाल, तोही फाइनच. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही हेच, याच सुरात म्हणायचो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या पहिल्या-दुसऱ्या तुकड्यांतली मी. गुरुजी इंग्रजी अहिराणीतून शिकवायचे आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही.

तिथल्या मुलांची जीभ शब्दाच्या शेवटी येऊन अडते. थाईत शब्दाच्या शेवटी 'ल' उच्चारतच नाहीत, त्याचा 'न' होतो. स्कूलचं 'सकून', अॅपलचं 'अॅप्पुन'. शेवटचा 'स' गायब: हाऊस म्हणजे 'हाव'. सुरुवातीची जोडाक्षरं फोडतात: 'सटॉप', 'सपून'. आम्ही तीच जोडाक्षरं पुढून टेकू लावून म्हणायचो, इस्टॉप, इस्कूल. अडचण तीच, त्यांनी मधे पाचर मारली, आम्ही पुढे.

माझ्या शेजारी एक इंग्लंडचा तरुण शिक्षक होता. तो मुलांना सांगायचा, माझं ऐका आणि म्हणा. मुलं ऐकायची आणि 'सकून' म्हणायची. तो परत म्हणायचा, जरा मोठ्यानं. मुलंही मोठ्यानं 'सकून'.

मी ऐकत होते आणि मला पुणं आठवत होतं. आमच्याकडे 'ळ' नाही. जयगाव, केयं, डोया. वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात एका शिबिरात मी "आमच्या जयगावला केयी" असं काहीसं म्हटलं आणि आख्खी ओळ हसली. त्यांनीही मला हेच सांगितलं होतं, ऐक आणि म्हण. ऐकून काय होतंय? मला दोन्ही सारखंच ऐकू यायचं. शेवटी वसतिगृहातल्या एका कोल्हापूरच्या मुलीनं आरसा हातात दिला आणि म्हणाली, आवाज सोड, जीभ बघ. टोक मागे वळव, टाळूला लाव, आणि आपट. बाळ, फळ, जळगाव. तीन आठवडे मी आंघोळ करताना 'जळगाव' म्हणत होते.

मग मी वर्गात तेच केलं. सगळ्यांना फोनचे कॅमेरे स्वतःकडे वळवायला लावले, आरशासारखे. आवाज काढायचा नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावा आणि तसंच ठेवा. 'न'लाही जीभ तिथेच जाते, हीच तर गोम. म्हणून आता नाक दाबा. चिमटीत. म्हणा, स्कू... नाक दाबलेलं असताना 'न' येऊच शकत नाही, कोंडतो. मुलं लाल होईपर्यंत नाक दाबून हसत होती. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याला सगळे 'बँक' म्हणायचे (टोपणनावं अशीच असतात तिथे: बँक, गोल्फ, बॉल), त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'स्कूल' निघालं. 'ल' किती वेळ लांबला! त्याला स्वतःलाच ते खरं वाटेना. उरलेला तास तो प्रत्येक शब्दाला 'ल' लावत होता.

इंग्लंडच्या त्या पोराचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. माझा २५,००० बाट; तेव्हा एका बाटला सव्वादोन-अडीच रुपये पडायचे, म्हणजे तासिकेच्या मानानं राजेशाही. पण त्याचा जास्त का, याचं उत्तर पासपोर्टचा रंग. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, झालंच तर दक्षिण आफ्रिका. या यादीत जन्मलात तर नेटिव्ह. आमच्या शाळेत बाकीचे सगळे फिलिपिन्सचे आणि मी. फिलिपिनो बायकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं, पगाराच्या दिवशी त्याच्याशी बोलू नकोस, दुसऱ्या दिवशी बोल. "आय हॅव सीन हिम यस्टर्डे" का चूक, असं एका मुलीनं त्याला विचारलं तर तो म्हणाला, कानाला चूक वाटतं. तिला त्यानं माझ्याकडे पाठवलं. मी फळ्यावर रेघ काढून काल आणि आज दाखवले, जसे मला नववीत दाखवले होते. पण न्यायानं सांगायचं तर तो गोष्ट वाचायला लागला की मुलं गडाबडा लोळायची. मी वाचली की मुलं वहीत लिहून घ्यायची. ते मला अजून जमत नाही.

पालकसभेत एका आईनं माझ्याकडे बघून शेजारणीला हळूच काही विचारलं, त्यात 'खेक' हा शब्द होता. भारतीयांना तिथे खेक म्हणतात. मूळ अर्थ पाहुणा. मानानं म्हणतात, तुसडेपणानंही म्हणतात, तोंड बघून ठरवायचं. आमच्याकडे 'पाव्हना'चं तेच आहे.

आता माझी चूक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ४४ वह्या तपासायला आणल्या. मुखपृष्ठावर नावं थाईत, मला वाचता येईनात. हजेरीपटावरून जुळवून मी प्रत्येक वहीवर नाव इंग्रजीत लिहिलं, ठळक, झोकदार, हातात होता त्या पेननं. शिक्षकाच्या हातात कुठला पेन असतो? लाल.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या आणि वर्ग गप्प झाला. ४४ मुलांचा वर्ग गप्प होणं म्हणजे काय, हे मास्तरलाच कळतं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं कंपासमधून पांढऱ्या शाईची बाटली काढली आणि माझ्याकडे न बघता आपल्या नावावर फिरवायला लागली. मग ती बाटली मागे गेली, तिथून आणखी मागे. मला वाटलं स्पेलिंग चुकलं. मधल्या सुट्टीत थाई शिक्षिकेनं मला बाजूला घेतलं. लाल शाईत नाव लिहितात ते मेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं लिहिलं तर त्याचं आयुष्य तोडल्यासारखं.

मी त्या ४४ मुलांना एका रात्रीत मारून टाकलं होतं. आमच्याकडे काळी शाई अशुभ! लग्नपत्रिका लाल, वहीपूजनाचं 'श्री' लाल, कुंकू लाल. जेवणाच्या सुट्टीत वर्गात जाऊन बसले. निळा पेन घेतला. एकेक वही मागून, वाळलेल्या पांढऱ्या थरावर परत नाव लिहिलं. मुलं रांगेत उभी होती, मुकाट. बाटलीवाली मुलगी शेवटी आली. तिची वही झाल्यावर तिनं माझा लाल पेन टेबलावरून उचलला, त्याला टोपण लावलं आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली.

जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' झाला, गुरूंना वंदन. गुरुवारीच करतात, कारण तिथे गुरुवारच्या पुऱ्या नावात बृहस्पती आहे, 'वन फरुहत्सबोदी'. आदल्या दिवशी मुलांनी तबकं सजवली. त्यात काय असतं, ते वाकून बघितलं. आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या एक्झोराची लाल फुलं. त्याच्या कळ्या सुईसारख्या, म्हणून बुद्धी सुईसारखी व्हावी. भाताच्या लाह्या. आणि गवत. ते गवत मी हातात घेतलं तर हरळी! गणपतीला वाहतो त्या दुर्वा. ती चिवट, पसरते, म्हणून विद्या अशी पसरावी. मी शेतकऱ्याची पोर. हरळी निंदून ज्यांची कंबर गेली त्या घरातली. आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आमच्या वावरातली घेऊन जा म्हणावं, फुकट.

आणि वांग्याची फुलं. जांभळी, माना खाली घातलेली. वांग्याला फळ धरायचं असलं की फूल खाली वाकतं, म्हणून नम्रतेची खूण. जन्मभर भरीत खाल्लं, वांग्याचं फूल कधी देवाला वाहिलेलं बघितलं नाही.

मुलं गुडघ्यांवर चालत पुढे आली, वाकून डोकं टेकवलं. रांगेत मी फिलिपिनो शिक्षिकांच्या शेजारी बसले होते. माझ्या समोर आला तो बँक. तबक देताना त्यानं हळूच म्हटलं, "स्कूल." 'ल' पुरता लावून.

ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी जायचं होतं. रि-एन्ट्री परमिट न घेता देश सोडला तर व्हिसा रद्द होतो, हे कळायला मला उशीर झाला. ते निस्तरेपर्यंत तिकिटं महागली. त्यात दुसरं सत्र १ नोव्हेंबरला सुरू, आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन त्याच सुमारास. राहिले. तिकडे ऑक्टोबरपासूनच पाऊस जोर धरतो. खिडकीतून तापी दिसायची, दिवसेंदिवस वर येणारी. आजीला फोन केला की ती विचारायची, "जेवन व्हयनं का?" तिथेही भेटल्यावर हेच विचारतात, "किन खाव रू यांग?" मी म्हणायचे, जेवले. "ऱ्हास कथी?" तापीच्या काठावर, आजी. शाळेजवळ. खोलीतून नदी दिसते. तिला बरं वाटायचं. थायलंड हा शब्द घरात कुणी तिच्यापुढे काढला नव्हता, आणि मीही काढला नाही.

दिवाळी झाल्यावर आठवडाभरानं आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला, उधन्याहून. त्याच्या मांडीवर एक खोका, सुतळीनं बांधलेला.

"तुन्हं पार्सल उनं शे."

आजीनं बिबडे, शेव आणि ठेच्याची बरणी बांधून, दिवाळी करून सुरतेला परत निघालेल्या गल्लीतल्या एका काकांच्या हाती दिली होती. पत्ता तोंडी: तापीना काठवर ऱ्हास, शायना जोडे, इंग्रजी शिकाडस, कोनलेबी ईचारा. काका साधा माणूस. दोन दिवस लूमची सुट्टी झाली की तो अडाजणपासून वराछापर्यंत नदीकाठच्या शाळांत जाऊन वॉचमनला विचारत होता, चोपड्याकडची इंग्रजीची मॅडम आहे का. एका शाळेत तर एक मॅडम होत्याही, त्या शिरपूरच्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी थकून त्यानं खोका भावाकडे टाकला.

"आता काय करू याचं?" भाऊ म्हणाला.

"ठेचा ठेव. बाकीचं खा."

त्यानं सुतळी तोडली. माझ्याकडे पाऊस इतका वाजत होता की त्याचं बोलणं नीट ऐकू येईना, पण बिबडा मोडल्याचा आवाज स्पष्ट आला.

"मीठ जरा जास्त व्हयनं," तो तोंड भरून म्हणाला, आणि दुसरा काढला.